एका भिंतीची दोन घरं

लंडनच्या जुन्या वस्तीतलं एखादं बेताचं घर मोजायला घेतलं, तर रस्त्याकडची रुंदी अठरा ते बावीस फूट भरते आणि उंची मात्र तळघर धरून चार-पाच मजल्यांची. दोन्ही बाजूंना तसंच घर, त्यापलीकडे पुन्हा तसंच, अशी रस्ता संपेपर्यंत ओळ. दोन घरांच्या मधली भिंत एकच आणि ती दोघांची. पुण्या-नाशकात आपण ज्याला रो-हाउस म्हणतो त्याच जातकुळीतलं हे बांधकाम. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची दोनशे वर्षं उमराव, वकील, डॉक्टर, व्यापारी, विणकर असे नाना थरांतले लंडनकर याच एका नमुन्याच्या लहानमोठ्या आवृत्त्यांमध्ये राहिले. इतक्या वेगवेगळ्या ऐपतीच्या माणसांनी इतका काळ एकाच आराखड्यात संसार केल्याची उदाहरणं जगात फार थोडी असतील.

हा आराखडा कुणा एका वास्तुरचनाकाराच्या डोक्यातून निघालेला नाही. जमिनीचे भाडेपट्टे, आगीचे कायदे आणि सरकारी कर या तिघांनी मिळून तो घडवला. खिडकीची चौकट भिंतीत किती आत बसवली आहे, छप्पर रस्त्यावरून का दिसत नाही, पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच का, या प्रत्येक गोष्टीमागे एखादं कलम, एखादा हिशेब किंवा एखादी सामाजिक रीत आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण लंडनमधली जमीन विकली जात नसे. बेडफर्ड, ग्रोव्हनर, पोर्टमन अशा मोठ्या घराण्यांकडे शहराच्या पश्चिमेला शेतंच्या शेतं होती. ती त्यांनी तुकडे पाडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. आधी मुदत चाळीस-साठ वर्षांची असे, पुढे नव्याण्णव वर्षांची सर्रास झाली. पट्टा घेणारा बहुधा गवंडी, सुतार किंवा असाच हुन्नरी माणूस. बांधकाम चालू असेतो पहिली एखाद-दोन वर्षं त्याला नाममात्र भाडं, म्हणजे कागदोपत्री मिऱ्याचा एक दाणा. तेवढ्या अवधीत सांगाडा उभा करायचा आणि गिऱ्हाईक शोधायचं. रोकड कुणाकडेच फारशी नसे. म्हणून शेजारच्या दोन भूखंडांवरचा गवंडी आणि सुतार कामाचीच देवाणघेवाण करत: याने दोन्ही घरांच्या भिंती रचायच्या, त्याने दोन्ही घरांच्या तुळया आणि जिने करायचे. नुसता सांगाडाच विकला जाई आणि आतलं काम घेणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे पुरं होई. बाहेरून एकसारखी दिसणारी घरं आतून इतकी वेगळी का, याचं एक कारण इथेच सापडतं.

घरं अरुंद का, तेही या व्यवहारातूनच कळतं. रस्ता आणि गटार यांचा खर्च रस्त्याकडच्या प्रत्येक फुटावर पडे. दर्शनी बाजू जितकी अरुंद तितकी एका रस्त्यावर जास्त घरं बसत आणि खर्च वाटला जाई. मग जागा हवी तर मागे सरकायचं किंवा वर चढायचं.

या धंद्यातला पहिला मोठा सट्टेबाज म्हणजे निकोलस बारबन. हा हॉलंडमध्ये वैद्यकी शिकलेला डॉक्टर, पण नाव कमावलं ते घरबांधणीत. 1684 मध्ये त्याने रेड लायन स्क्वेअरचं काम काढलं तेव्हा शेजारच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेला आपला मोकळा शेजार जाणार याचा इतका संताप आला, की वकील आणि बारबनचे मजूर यांच्यात विटांनी मारामारी झाली. घराचा आगीपासून विमा उतरवण्याची पद्धत लंडनमध्ये रुजवण्यातही बारबन आघाडीवर होता. विमा असलेल्या घरावर कंपनीची शिशाची पट्टी ठोकलेली असे. अशा पट्ट्या काही जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवर आजही आहेत.

आगीचा विमा सुचला तो अर्थात 1666 च्या आगीमुळे. 2 सप्टेंबरला पुडिंग लेनमधल्या एका भटारखान्यात लागलेली आग चार दिवस चालली आणि सुमारे 13,200 घरं खाक झाली. ती बहुतेक लाकडाच्या सांगाड्याची, वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, समोरासमोरच्या घरांत हातभराचं अंतर. पुढच्याच वर्षी संसदेने पुनर्बांधणीचा कायदा केला. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात. घरांचे प्रकार ठरले: गल्लीबोळांत दोन मजली, महत्त्वाच्या रस्त्यांवर तीन मजली, राजरस्त्यांवर चार मजली. प्रत्येक प्रकारासाठी मजल्यांची उंची आणि भिंतींची जाडीही कायद्यातच लिहिली गेली. सामाईक भिंतही विटांची, आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ न देणारी. विटांची रांगघरं लंडनला अगदीच अनोळखी होती असं नाही. न्यूइंग्टन ग्रीन इथली 52 ते 55 क्रमांकांची चार घरं 1658 ची आहेत आणि आजही उभी आहेत. पण आधी जी काहींची निवड होती ती 1667 नंतर सगळ्या शहराची सक्ती झाली.

पुढच्या शंभर वर्षांत आगीच्याच भीतीने आणखी कायदे झाले आणि प्रत्येकाने घराच्या चेहऱ्यावर एकेक रेघ ओढली. 1707 च्या कायद्याने छपराखालची कोरीव लाकडी कंगणी बंद केली. त्याऐवजी दर्शनी भिंतच छपरापेक्षा वर चढवून तिचा कठडा करायचा. रस्त्यावरून छप्पर दिसेनासं झालं ते तेव्हापासून. 1709 च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून चार इंच आत सरकवली. 1774 च्या इमारत कायद्याने तर चौकटीची पेटीच विटांच्या मागे दडवायला लावली, बाहेरून लाकडाची बारीकशी कड दिसेल इतकंच.

त्यामुळे जुन्या रस्त्यावर फिरताना एका खिडकीवरून घराचा काळ बराचसा ओळखता येतो. चौकट भिंतीला समतल आणि जाडजूड असेल तर अठराव्या शतकाची अगदी सुरुवात. चार इंच आत पण पूर्ण उघडी असेल तर त्या शतकाचा मध्य. जवळजवळ दिसतच नसेल तर 1774 च्या पुढची. शहराबाहेर आणि इतर गावांत हे नियम उशिरा पोहोचले, आणि लंडनमध्येही सगळ्यांनी ते लगेच पाळले नाहीत, म्हणून हा अंदाज दहा-वीस वर्षांनी चुकू शकतो. तरी मला ही खूण फार मोलाची वाटते, कारण ती पाहायला घरात शिरावं लागत नाही.

खिडकीशी थोडं आणखी थांबू. ही वर-खाली सरकणारी खिडकी, सॅश, सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रूढ झाली. दोन सरकत्या पाट्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना दोरी, दोरी एका चाकावरून चौकटीच्या पोकळ पेटीत उतरते आणि तिच्या टोकाला शिशाचं किंवा बिडाचं वजन. दोन वजनांची बेरीज पाटीच्या वजनाएवढी ठेवली की बोटाच्या जोरावर पाटी हवी तिथे थांबते. पाट्यांतली तावदानं लहान, कारण काच तेवढीच मिळे. कारागीर काचेचा फुगा फुंकून तो दांड्यावर गरगर फिरवी, त्याची चार-पाच फुटी तबकडी होई आणि तिच्यातून तावदानं कापत. मधला गाठीचा भाग स्वस्तात जाई. अशी काच किंचित बाकदार असते, त्यामुळे जुन्या खिडकीत समोरच्या घराचं प्रतिबिंब प्रत्येक तावदानात थोडं वेगळं हलतं. एकोणिसाव्या शतकात मोठ्या काचा स्वस्त झाल्या, मधल्या लाकडी पट्ट्या गेल्या आणि पाटी जड झाली. तेव्हा वरच्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यांना लाकडाची दोन छोटी शिंगं ठेवायला सुरुवात झाली, सांधा सुटू नये म्हणून. ही शिंगं दिसली की खिडकी व्हिक्टोरियन काळातली किंवा त्यानंतरची, घर कितीही जुनं असो.

खिडक्यांवर 1696 पासून 1851 पर्यंत कर होता, काचेवर निराळा, 1784 पासून विटांवरही. बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे हमखास या कराची गोष्ट सांगतात. काही खिडक्या करामुळे बुजल्या हे खरंच. पण अनेक आंधळ्या खिडक्या पहिल्यापासून तशाच बांधलेल्या आहेत: आत जिना किंवा धुरांडं आलं, पण बाहेर खिडक्यांची रांग तुटायला नको होती. विटांतली ती रिकामी चौकट बहुतेकदा प्रमाणबद्धतेच्या हट्टापायी आलेली आहे, आणि तो हट्ट समजून घेतल्याशिवाय ही घरं समजत नाहीत.

हा हट्ट इटलीतून आला. आंद्रेआ पाल्लादिओ या सोळाव्या शतकातल्या वास्तुरचनाकाराच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती 1715 पासून निघू लागली आणि गवंडी-सुतारांसाठी नमुन्यांची पुस्तकं छापली जाऊ लागली. सगळी दर्शनी भिंत प्राचीन मंदिराच्या स्तंभरचनेसारखी कल्पायची: तळमजला म्हणजे जोतं, त्यावरचे दोन मजले म्हणजे स्तंभाची उंची, कठड्याखालची पट्टी म्हणजे स्तंभावरचा भार. स्तंभ प्रत्यक्षात नसला तरी मापं त्याचीच. म्हणून पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या सर्वांत उंच, त्यावरच्या आखूड, आणि सर्वांत वरच्या जवळजवळ चौकोनी. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मुख्य दिवाणखाना कुठे आहे आणि नोकर कुठे झोपतात, हे नुसत्या खिडक्यांच्या उंचीवरून कळत असे.

1774 च्या कायद्याने घरांना चार दर्जेही ठरवून दिले. 850 पौंडांहून अधिक किमतीचं आणि 900 चौरस फुटांहून अधिक जागा व्यापणारं घर पहिल्या दर्जाचं. 150 पौंडांच्या आतलं आणि 350 चौरस फुटांहून लहान ते चौथ्या दर्जाचं. पाया आणि भिंतींची जाडी दर्जाप्रमाणे. यातून आलेला एकसारखेपणा पुढच्या पिढ्यांना रूक्ष वाटला. पण त्याच सुमारास, 1775 ते 1783 मध्ये, उभा राहिलेला बेडफर्ड स्क्वेअर पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. चारही बाजूंच्या प्रत्येक ओळीत मधला भाग तेवढा पांढरा गिलावा केलेला, वर त्रिकोणी शिखर, बाकी सगळी घरं विटांची. म्हणजे पूर्ण ओळच एखाद्या महालासारखी दिसते. प्रत्येक दाराभोवतीचे ठोकळे आणि कमानीच्या माथ्यावरचे मुखवटे कोड स्टोनचे आहेत. ही भाजलेल्या मातीची कृत्रिम शिळा. तिचा कारखाना लॅम्बेथमध्ये 1769 पासून एलेनॉर कोड ही बाई स्वतः चालवत होती. अडीचशे वर्षांच्या पावसापाण्यात या मुखवट्यांच्या भुवयासुद्धा झिजलेल्या नाहीत.

आता दाराशी येऊ. रस्ता आणि घर यांच्यामध्ये लोखंडी कठडा लावलेला खड्डा असतो. तळघराला उजेड मिळावा म्हणून तो ठेवलेला. प्रत्यक्षात फार खोल खणलेलंच नसे; खणून निघालेली माती रस्त्यावर टाकून रस्ताच उंच केलेला असे, आणि तळघरात निघालेल्या चिकणमातीच्या विटाही तिथल्या तिथे भाजल्या जात. म्हणून पुढून जे तळघर वाटतं ते मागच्या बाजूला बरेचदा परसाच्या पातळीला निघतं. फरसबंदीखाली कोळशाची कोठारं. पदपथावर फूटभर व्यासाचं बिडाचं गोल झाकण दिसतं, त्यातून कोळसेवाला पोती रिकामी करी. कोळसा सरळ कोठारात पडे, त्याची धूळ घरातून जात नसे. झाकणाला आतून साखळी लावलेली असे आणि भोक इतकं लहान की माणूस त्यातून शिरू शकत नसे.

दारावरची अर्धवर्तुळाकार काच म्हणजे फॅनलाइट. बोळासारख्या अरुंद दिंडीत दिवसाउजेड येण्याची ती एकच वाट. तिच्या नाजूक शिशा-लोखंडाच्या नक्षीचं कौतुक पुष्कळ होतं, पण ती चोरांचीही वाट होती. गॉफ स्क्वेअरमध्ये 17 क्रमांकाचं घर आहे. साधारण 1700 च्या सुमाराचं. कोशकार सॅम्युअल जॉन्सन तिथे 1748 ते 1759 राहिला आणि त्याचा शब्दकोश त्याच घराच्या माळ्यावर सहा मदतनिसांच्या हातून तयार झाला. या घराच्या दाराला आतून जाडजूड साखळी आहे आणि दारावरच्या काचेमागे अणकुचीदार लोखंडी दांडा. काच फोडून लहान मुलाला आत सोडायचं आणि त्याच्याकडून कडी काढून घ्यायची, ही चोरांची रीत होती, तिच्यावरचा तो उपाय. याच घराच्या पहिल्या मजल्यावर खोल्यांमधल्या लाकडी तावदानी भिंती बिजागरीवर फिरतात. बंद केल्या की स्वतंत्र खोल्या, उघडल्या की एक मोठं दालन.

आत शिरल्यावर प्रत्येक मजल्याची मांडणी एकच: पुढे एक खोली, मागे एक खोली, बाजूला जिना. तळघरात स्वयंपाकघर आणि भांडी-धुण्याची मोरी. तळमजल्यावर जेवणघर. पहिल्या मजल्यावर बैठकीचा दिवाणखाना. त्यावर घरधन्यांच्या झोपायच्या खोल्या, सर्वांत वर मुलं आणि नोकर. स्वयंपाक तळाशी आणि पाणी, कोळसा, जेवण सगळं वरती, म्हणजे मोलकरणीचा दिवस जिन्यावरच जाई. सकाळी प्रत्येक चुलाण्याची राख खाली, कोळसा वर. अंघोळीचं पाणी वर, सांडपाणी खाली. भिंतींतून नेलेल्या तारांना बांधलेल्या घंटा तळघरात ओळीने टांगलेल्या असत आणि प्रत्येकीचा नाद वेगळा, म्हणजे कोणत्या खोलीतून बोलावणं आलं ते न बघताच कळावं.

जिन्यातही दर्जा होता. साध्या घरात लाकडी जिना. श्रीमंत घरात दगडी पायऱ्या, एकच टोक भिंतीत रोवलेलं, दुसऱ्या टोकाला कसलाही आधार नाही. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर टेकते आणि भिंत तिला पिळू देत नाही, एवढ्यावर सगळा जिना तोलला जातो. दिवाणखान्याच्या मजल्यापर्यंत कठड्याचे गज कोरीव आणि हात टेकायची पट्टी महोगनीची. त्याच्या वर, जिथे पाहुणा जात नाही, तिथे साधे चौकोनी गज. छताच्या नक्षीचंही तेच. पैसा कुठे संपला, हे मजला चढताना समजतं.

खोलीच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीला जी आडवी लाकडी पट्टी धावते, तिला डेडो रेल म्हणतात. अठराव्या शतकात खुर्च्या वापरात नसल्या की भिंतीला लावून ठेवत, त्यांच्या पाठींनी गिलावा खरवडू नये म्हणून ती. पण तिची उंचीही स्तंभाच्या हिशेबातून येते: खालचा भाग चौथरा, मधली भिंत स्तंभ, छताजवळची नक्षीदार पट्टी वरचा भार. बाहेरच्या भिंतीचं व्याकरण आतही लागू. साधारण 1740 पर्यंत भिंतींना खालपासून वरपर्यंत लाकडी तक्तपोशी करत. ते लाकूड स्वस्त पाइनचं असे आणि नेहमी रंगवलेलं. आज हौशीने रंग खरवडून उघडं लाकूड दाखवतात, तशी ती तक्तपोशी त्या काळी कुणी पाहिली नव्हती. पुढे खालचा भाग लाकडी राहिला आणि वर गिलावा व छापील कागद आला. गिलावा लाकडी पट्ट्यांवर, चुना आणि वाळूत जनावरांचे केस कालवून. छताची कंगणी जागेवरच ओढत: ओला गिलावा थापायचा आणि हव्या त्या आकाराचा पत्र्याचा साचा त्यावरून सरळ फिरवायचा. पानंफुलं वेगळी ओतून मग चिकटवत. खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीच्या जाडीत लाकडी झडपा घडी होऊन बसतात. बंद असताना त्या तक्तपोशीचाच भाग वाटतात आणि रात्री उलगडून मध्ये लोखंडी दांडा टाकला की थंडी आणि चोर दोन्ही बाहेर. अनेक घरांत या झडपा रंगाच्या थरांखाली चिकटून बसल्या आहेत, पिढ्यानुपिढ्या कुणाला त्या तिथे असल्याचा पत्ताही नसतो.

चुलाणी सामाईक भिंतीत असत, दोन्ही घरांची पाठीला पाठ लावून. प्रत्येक चुलाण्याला स्वतंत्र धुरांडं, म्हणून छपरावर सामाईक भिंतीच्या माथ्यावर मातीच्या नळ्यांची रांग. नळ्या मोजल्या की खाली किती चुलाणी आहेत ते समजतं. 1796 मध्ये काउंट रम्फर्डने चुलाण्याचा घसा अरुंद आणि बाजू तिरप्या करण्याची रीत मांडली, त्याने धूर कमी आणि ऊब जास्त झाली. संगमरवरी चौकटीत बसवलेलं चुलाणं हे आजच्या घर घेणाऱ्यांचं पहिलं आकर्षण असतं. त्यामागचं धुरांडं मात्र साधारण नऊ इंच बाय चौदा इंचांचं असे, आणि काजळी साफ करायला त्यात चार-पाच वर्षांची पोरं चढवली जात. अडकून, गुदमरून किती मेली. 1788, 1834 आणि 1840 मध्ये कायदे झाले आणि धाब्यावर बसवले गेले. 1875 च्या कायद्याने धुरांडी साफ करणाऱ्यांना पोलिसांकडे परवाना काढायला लावला तेव्हा कुठे ही प्रथा थांबली. या घरांच्या देखणेपणाविषयी लिहिताना ही मुलं विसरून चालणार नाही. त्यांच्यावाचून दिवाणखान्यातली एकही शेकोटी पेटली नसती.

पट्टा संपला की घर जमीनमालकाकडे जाणार, मग बांधणाऱ्याने ते पट्ट्याच्या मुदतीपुरतंच मजबूत केलं तर त्यात नवल नाही. दर्शनी भिंतीची बाहेरची फळी महाग, रेखीव विटांची. आतली फळी कच्च्या विटांची. दोघींना बांधून ठेवणाऱ्या आडव्या विटा पुरेशा नसत. महाग वीट वाचवण्यासाठी ती अर्धी तोडून नुसतं टोक बाहेर दाखवत. शंभर वर्षांनी बाहेरची फळी फुगून रस्त्याकडे झुकते. भिंतीत सांध्यासाठी घातलेलं लाकूड ओल धरून कुजतं. कठड्यामागचं छप्पर इंग्रजी व्ही अक्षरासारखं, दोन्ही उतार मध्ये येऊन मिळतात, आणि सगळं पावसाचं पाणी घराच्या मधोमध एका पन्हळीत. ती तुंबली की पाणी थेट झोपायच्या खोलीत.

या हलगर्जीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जगाने टीव्हीवर पाहिलेलं आहे. डाउनिंग स्ट्रीटची घरं जॉर्ज डाउनिंगने 1682 ते 1684 दरम्यान दलदलीच्या जमिनीवर उथळ पायावर बांधली. खर्च वाचवायला दर्शनी भिंतीवर विटांमधल्या सांध्यांच्या रेषा चक्क रंगवून काढल्या. पुढे 10 क्रमांकाचं घर मागच्या मोठ्या वाड्याला जोडलं गेलं आणि 1735 पासून पंतप्रधान तिथे राहू लागले. 1960 ते 1963 मध्ये रेमंड एरिथच्या देखरेखीखाली ते जवळजवळ नव्याने उभं करावं लागलं. तेव्हा विटा धुतल्यावर दिसलं की त्या मुळात पिवळ्या आहेत, काळेपणा दोन शतकांच्या काजळीचा. लोकांच्या डोळ्यांना काळं घरच ओळखीचं झालं होतं, म्हणून स्वच्छ विटांना पुन्हा काळा रंग दिला.

बाथ शहरात हाच व्यवहार अधिक भव्यपणे केलेला दिसतो. धाकट्या जॉन वुडने 1767 ते 1775 मध्ये रॉयल क्रेसेंट बांधलं: 30 घरं, चंद्रकोरीसारखी वळलेली ओळ, 114 स्तंभ. वुडने आराखडा काढला तो दर्शनी भिंतीचा. घेणाऱ्याने भिंतीचा आपला तुकडा घ्यायचा आणि मागचं घर आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. म्हणून पुढून एकसंध असलेली ही ओळ मागच्या बाजूने पाहिली तर कुठे पुढे आलेली, कुठे आत गेलेली, छपरंही खालीवर. मला ती मागची बाजूच जास्त बोलकी वाटते.

गरिबांची घरंही याच साच्यातली. पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये 1685 नंतर फ्रान्समधून परागंदा झालेले प्रॉटेस्टंट रेशीमविणकर येऊन वसले. तिथल्या घरांच्या माळ्यावर भिंतभर रुंद खिडक्या आहेत, मागाला उजेड हवा म्हणून. प्रिन्सलेट स्ट्रीटवरचं 19 क्रमांकाचं घर 1719 चं. 1869 मध्ये पोलंडहून आलेल्या ज्यूंनी त्याच्या परसावर छप्पर घालून प्रार्थनामंदिर केलं. पुढे ही वस्ती पडझडीला आली. लंडनमध्ये इतरत्रही जुनी घरं जात होती. 1936 मध्ये वास्तुरचनाकार ॲडम बंधूंची अॅडेल्फी ही प्रख्यात ओळ पाडली गेली, त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी अशी घरं जपण्यासाठी जॉर्जियन ग्रुप ही संस्था जन्माला आली. तरी 1977 मध्ये स्पिटलफील्ड्स वाचवू पाहणाऱ्यांना एल्डर स्ट्रीटवरच्या दोन घरांत स्वतः जाऊन ठाण मांडावं लागलं, तेव्हा ती पाडायची थांबली.

त्याच्या कितीतरी आधीच श्रीमंत वस्त्यांतली घरंही खोल्या-खोल्यांनी भाड्याने जाऊ लागली होती. भारतातून शिकायला गेलेले विद्यार्थी अशाच खोल्यांत राहिले. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरच्या 10 क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतलं. स्थानिक कौन्सिलने राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली, अपील झालं, चौकशी झाली आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला मान्यता दिली.

अशी घरं आज ज्यांच्या हाती आहेत त्यांची खरी परीक्षा दुरुस्तीत होते. सर्वांत जास्त नुकसान सिमेंटने केलं आहे. जुनी वीट मऊ असते, पावसात भिजते आणि चुन्याच्या दर्जांमधून सुकते. त्या दर्जा खरवडून सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती विटेतून निघते, थंडीत गोठते आणि विटेचं तोंडच उडवते. म्हणून जाणता गवंडी पुन्हा चुनाच वापरतो. खिडकीचंही तसंच. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधायचा, दोऱ्या बदलायच्या, पेटीतली वजनं काढून पाटी तोलून बघायची. दुहेरी काच बसवली तर पाटी जड होते आणि जुनी वजनं पुरत नाहीत. आणि सामाईक भिंतीत एखादी लोखंडी तुळई जरी रोवायची असली, तरी 1996 च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याने संमती दिली नाही तर तज्ज्ञ नेमायचे, त्यांनी दोन्ही घरं तपासून कामाचा निवाडा लिहून द्यायचा, आणि मगच छिन्नी लावायची.